झऱ्यावर पडलेली वीज

नोवियस तफानियस आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि तेही देवांचा राजा ज्युपिटरशी. सराव नसलेल्या माणसाने सुरुवात इतक्या वरून करू नये, पण त्याला निवडीला फारसा वाव नव्हता.

रेआते शहराच्या वरच्या अंगाला, आमच्या सॅबाइन डोंगरात, त्याची जमीन होती. एक बैल आणि एक हट्टी माणूस मिळून कसू शकतील एवढा उतार. त्यावर खपली गहू, थोड्या शेंगा, एल्मच्या झाडांवर चढवलेल्या द्राक्षवेली, आणि अगदी वरच्या कोपऱ्यात खडक व काटेरी झुडपं. या सगळ्यात जीव होता तो मधल्या खाचेतल्या झऱ्यामुळे. उन्हाळ्यात आमच्याकडचे झरे आटतात आणि बायकांना घागरी घेऊन दरीतल्या ओढ्यापर्यंत उतरावं लागतं. नोवियसचा झरा मात्र बारमाही. त्याच्या आजोबाने त्यावर दगडी झाकण बसवलं होतं. झरा होता म्हणून शेत होतं, आणि शेत होतं म्हणून नोवियस गावात कुणासमोर मान खाली घालत नव्हता. याहून जास्त काही त्याने देवाकडे कधी मागितलंही नव्हतं.

मागण्याआधी देण्यातच त्याचा वेळ जाई. देवधर्मात नोवियस इतका काटेकोर होता की पुजाऱ्यांनाही त्याचा कंटाळा यायचा. ओकची फांदी तोडायची तर आधी झाडातल्या देवाची परवानगी. तिथे देव आहे की देवी हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून दोन्ही नावांनी. गव्हावर तांबेरा पडू नये म्हणून तांबेऱ्याच्या देवाला लाल कुत्रं. बैलासाठी वेगळं, बांधाच्या दगडासाठी वेगळं, चुलीजवळच्या घरदेवांना रोजच्या जेवणातला पहिला घास. मंत्रातला शब्द चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. पेज निवून जायची.

"आमच्या घरात शिंकायचं तरी परवानगी काढावी लागते," त्याची बायको वेट्टिया शेजारणींना सांगायची. "आणि तेवढ्यात शिंक जाते."

वेट्टिया दोन डोंगर पलीकडची. तिच्या माहेरी देव होते, पण ते आपापल्या जागी असायचे.

कापणी तोंडावर आली होती तेव्हाची गोष्ट. भर दुपारी आभाळ काळंभोर झालं, एक कडकडाट झाला आणि सगळ्या डोंगराने पाहिलं की वीज नोवियसच्या रानात पडली. दोघं धावत गेली. आजोबाचं दगडी झाकण मधोमध फुटलं होतं, कडा काळ्या पडल्या होत्या, भोवतीचं गवत जळून त्याचा वास सुटला होता. खाली झरा नेहमीसारखा वाहत होता.

आमच्याकडे याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. दिवसा पडणारी वीज ज्युपिटरची, आणि ती पडते ती जागाही मग त्याचीच. शहरातून पुजारी येतो, विजेने फोडलेलं, जाळलेलं सगळं वेचतो, पुटपुटत तिथेच पुरतो, वर दोन दाती मेंढी कापतो आणि भोवती दगडी गडगा घालायला लावतो. वर छप्पर नाही, कारण देवाला येण्याजाण्याची वाट हवी. आत कुणी पाय ठेवायचा नाही, डोकवायचंही नाही. आम्ही त्याला विजेची समाधी म्हणतो. ज्याच्या रानात ती होते त्याचं गावात कौतुक होतं, आणि जेवढं कौतुक होतं तेवढीच त्याची जमीन कमी होते.

नोवियस पावसात उभा राहून फुटक्या दगडाकडे बघत राहिला.

"गेला झरा," तो म्हणाला.

"थांब जरा," वेट्टिया म्हणाली. "वीज आपल्या रानात पडली एवढं लोकांनी पाहिलंय. कुठे, ते कुणी पाहिलंय?"

"ज्युपिटरने."

"तो सांगायला येणार नाही. पुजारी येणार आहे." तिने वरच्या कोपऱ्याकडे हनुवटी केली. "तिकडे काट्यांत पडली असती तर काय बिघडलं असतं?"

"अगं, पण पडली नाही ना तिकडे!"

"मग आपण नेऊ. एवढ्या वरून आलीये, आणखी थोडं चढायला तिचं काय जातं?"

नोवियसने आयुष्यात असं वाक्य ऐकलं नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला, मग झऱ्याकडे, मग गव्हाकडे. गहू चांगला आला होता. त्याने दगडाच्या एका तुकड्याचं टोक धरलं. दुसरं टोक वेट्टियाने धरलं होतंच. पाऊस थांबायच्या आत सगळे तुकडे वर खडकात पोचले. चुलीतला निखारा नेऊन तिथलं चार हात गवतही जाळून झालं, ओलं असल्याने फुंकून फुंकून. खाली झऱ्याभोवतीची राख पावसानेच धुऊन नेली. घराच्या पायरीचा दगड उपटून त्यांनी झऱ्यावर झाकण म्हणून टाकला.

वेलतूर नावाचा पुजारी खेचरावर बसून आला. मूळचा एट्रुरियाचा, विजेच्या विद्येत मुरलेला, आणि चढणीचा मनापासून तिटकारा असलेला. त्याने काळा दगड हुंगला, आभाळाकडे बघून दिशा मोजल्या आणि मान डोलावली. सगळं गाव जमलं होतं. त्यात खालच्या रानातला स्टाबेरियस सगळ्यात पुढे. हा वयाने लहान, अंगाने मोठा, कोबी पिकवणारा आणि शांततेचं वावडं असलेला.

"काका, नशीब काढलंत!" तो ओरडला. "अख्ख्या रानात नेमका खडक गाठला देवाने. माझ्याकडे आला असता तर कोबीच्या वाफ्यातच उतरला असता, मला माहितीये."

"देव जमिनीचा कस बघून पडत नाही," वेलतूर म्हणाला.

"तेच म्हणतोय महाराज. बघायला पाहिजे."

लोक हसले. नोवियस हसला नाही. लोकांना वाटलं, भक्तीने. वेलतूरने तुकडे पुरले, नोवियसची चांगली दोन दाती मेंढी कापली, गडगा रचून घेतला. विधीत एक शब्द चुकला नाही. नोवियस लक्ष देऊन ऐकत होता. चुकला असता तर त्याला कळलं असतं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं असतं.

त्या संध्याकाळी तो नेहमीप्रमाणे झऱ्यावर गेला, ओणवा झाला, ओंजळ पाण्यात घातली आणि तशीच धरून राहिला. पाणी बोटांमधून गळून गेलं. त्याने पुन्हा ओंजळ भरली. पुन्हा गळू दिली. मग हात कपड्याला पुसून तो घागर उचलून दरीकडे निघाला.

"कुठे चाललास?" वेट्टियाने दारातून विचारलं.

"ओढ्यावर."

"अरे माणसा, झरा वाचवला कशासाठी मग?"

तो दरीची वाट उतरू लागला.

त्या उन्हाळ्यात आमच्या डोंगरात एक नवीन दृश्य दिसू लागलं: ज्याच्या दारात बारमाही पाणी, तो माणूस दरीतून घागर वाहतोय. स्वतःपुरतं पाणी तो ओढ्यावरून आणायचा. वेट्टिया झऱ्याच्या पाण्यात पेज शिजवायची म्हणून त्याने पेज सोडली. भाकरी त्याच पाण्यात मळलेली, म्हणून भाकरी सोडली. कांदा, चीज आणि अंजीर यांवर माणूस किती दिवस नांगरू शकतो याचा प्रयोग त्याने केला. उत्तर फारसं उत्साहवर्धक नव्हतं.

"पुजाऱ्याने सांगितलं तिथे पडली, म्हणजे तिथेच पडली," वेट्टिया त्याला समजवायची. "त्याने पुरली. मेंढी घेतली. कातडंसुद्धा घेऊन गेला. तू काय त्याच्याहून मोठा लागून गेलास?"

"त्याने दगड पुरला, वेट्टिया. वीज अजून इथेच मोकळी आहे."

"कुठे आहे? दाखव. मी रोज घागर भरते, मला कधी चावली नाही."

"तुला चावणार नाही. ती माझी वाट बघतेय."

"मोठा आलाय! ज्युपिटरला बाकी काही उद्योग नाही बहुतेक."

मग बैल मेला. म्हातारा होता, दात झिजले होते, गेल्या हिवाळ्यापासून खोकत होता. वेट्टियाने हे सगळं सांगितलं. नोवियसने एवढंच विचारलं की बैल पाणी कुठलं प्यायचा. त्यानंतर खांद्याला दोर लावून तो स्वतःच नांगर ओढू लागला आणि वेट्टिया मागून रुमणं धरू लागली. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. नांगर ओढणाऱ्याशी बोलायची पद्धत तशीही वेगळीच असते.

शरदात तो रेआतेला वेलतूरकडे गेला. सोबत चीजचा गोळा नेला होता.

"महाराज, माझ्या बायकोच्या गावचा एक माणूस आहे," तो म्हणाला.

"असणारच," वेलतूर म्हणाला. त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या बायकोच्या गावी असा एक माणूस असायचा.

"त्याच्या रानात वीज पडली. पण त्याने पुजाऱ्याला भलतीच जागा दाखवली. आता काय?"

वेलतूरने चीजचा वास घेतला आणि नोवियसकडे बराच वेळ बघितलं.

"पुजाऱ्याने विधी नीट केला?"

"बिनचूक."

"मग वीज पुरली गेली. पुजारी सांगेल ती जागा. पुन्हा उकरायची म्हटलं तर तो समाधीचा भंग, म्हणजे आणखी एक पाप. आणि पुजाऱ्याचं हसं होईल ते वेगळंच." त्याने हात झटकले. "खोटं दाखवलं त्याचा दोष दाखवणाऱ्यावर."

"तो फेडायचा कसा?"

"नकळत घडलं असेल तर एक डुक्कर द्यायचं. मोकळा."

"आणि मुद्दाम केलं असेल तर?"

"मुद्दाम केलेल्याला फेड नाही. मेंढी नाही, बैल नाही, काही नाही. तो माणूस तसाच राहतो." वेलतूर पुढे वाकला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. चढण आवडत नसली तरी माणूस वाईट नव्हता. "म्हणून म्हणतो, नीट आठवून सांग. मुसळधार पाऊस होता. धावपळ होती. दगड इकडचे तिकडे झाले असतील. तुझ्या त्या माणसाने ते नकळतच केलं असणार. हो ना?"

एवढं 'हो' म्हटलं असतं तर नोवियस डुक्कर देऊन घरी जाऊन पाणी प्यायला असता. त्याने तोंड उघडलं. मिटलं. पण एकदा जमलेलं खोटं त्याला दुसऱ्यांदा जमेना.

"नाही महाराज," तो म्हणाला. "त्याला चांगलं माहीत होतं."

"मग माझ्याकडे त्याच्यासाठी काही नाही," वेलतूर म्हणाला आणि चीज परत केलं. पुजारी चीज परत करतो तेव्हा पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

घरी आल्यावर नोवियस दगड वाहू लागला. झऱ्याभोवती पहिला थर लागला तेव्हा वेट्टियाला कळलं काय चाललंय. ती जाऊन झाकणावर बसली.

"ऊठ," तो म्हणाला.

"घाल मलाही आत. मेंढीचा खर्च वाचेल."

"वेट्टिया, जागा त्याची आहे. त्याला परत केली की..."

"की काय? तो पुजारी म्हणाला ना, फेड नाही म्हणून? मग कशाला देतोस? दिलं तरी पापी आणि नाही दिलं तरी पापी, तर निदान पाण्याजवळचा पापी हो!"

त्याने पुढचा दगड उचलला. तिच्या पायांच्या दोन्ही बाजूंनी दगड रचत राहिला. गडगा तिच्या गुडघ्याएवढा झाला, कमरेएवढा झाला. ती बसून होती आणि आसवं पुसत होती, तो रचत होता. शेवटी एकाच माणसाला बाहेर पडता येईल एवढी फट राहिली तेव्हा ती उठली, त्या फटीतून बाहेर आली आणि मागे न बघता घरात गेली. नोवियसने फट बुजवली. पुरायला विजेची खूण उरली नव्हती, कापायला मेंढी नव्हती. त्याने येत होते तेवढे मंत्र म्हटले. आपण पुजारी नाही, हे सुरुवातीलाच देवाला सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात वेली वाळल्या. गहू वीतभर वाढून थांबला. आणि स्टाबेरियसच्या रानात, कोबीच्या वाफ्यांच्या वरच्या अंगाला, जमिनीतून स्वच्छ थंड पाणी फुटलं. गडग्याच्या वजनाने वरची वाट दबली आणि पाण्याने खालून दुसरी शोधली, एवढंच. पाण्याला धर्मशास्त्र शिकवलेलं नसतं.

स्टाबेरियस धावत वर आला. "काका! माझ्याकडे झरा लागला! देवाने दिला!"

नोवियस गडग्याला टेकून बसला होता. "तो देवाचाच आहे," तो म्हणाला.

"मग! मी दुसरं काय म्हणतोय?"

आता प्रश्न असा होता की देवाच्या जागेतून आपल्या पायांनी बाहेर पडलेलं पाणी देवाचं की माणसाचं. नोवियसने हा प्रश्न गावात भेटेल त्याला विचारला. लोक आधी विचार करायचे, मग हसायचे, मग त्याला बघून वाट बदलायचे. वेट्टियाने विचार केला नाही. ती सकाळी घागर घेऊन स्टाबेरियसकडे जायची आणि स्वतःच्याच झऱ्याचं पाणी मागून आणायची. पाणी देताना स्टाबेरियस उदार असायचा, आणि तसा तो आहे हे तिला सांगायचाही.

दुसऱ्या हिवाळ्यानंतर रानात उरलं नाही काही. वरचा उतार स्टाबेरियसची मेंढरं चरू लागली आणि ही दोघं त्याच्या वाफ्यांशेजारच्या खोपटात राहायला आली. कामाच्या बदल्यात जेवण. काम होतं कोबीला पाणी देण्याचं. गाव सोडून जाता आलं असतं. पण घरदेव कुठे घेऊन जायचे आणि कुठल्या चुलीपाशी ठेवायचे, हे नोवियसला ठरवता येईना.

तो कोपरापर्यंत त्या पाण्यात हात घालून पाट फोडायचा, आणि तहान लागली की घागर घेऊन दरीत उतरायचा. हात घालणं पोटासाठी, पिणं मात्र नाही, अशी त्याने मनाशी एक हद्द आखली होती. हद्दीच्या त्या दगडाला त्याने कुठला नैवेद्य दाखवला, ते मला ठाऊक नाही.

"काका, दगड लागतोय का पाण्यात? हात असे काय काढताय सारखे?" स्टाबेरियस विचारायचा.

"नाही."

"गार लागतं?"

"नाही."

"मग?"

"काही नाही बाबा. कोबी चांगला आलाय."

ऑक्टोबरात आमच्याकडे झऱ्यांचा सण असतो. विहिरींना हार घालतात, वाहत्या पाण्यात फुलं सोडतात. स्टाबेरियसला आपल्या झऱ्याचा सण पहिल्यांदाच थाटात करायचा होता. शहरातून पावा वाजवणारा बोलावला, बकरू आणलं, आणि प्रार्थनेसाठी तो नोवियसकडे आला.

"जुने शब्द तुमच्याइतके कुणाला येत नाहीत, काका. आपल्या घरचंच समजा."

वेट्टिया चुलीवरून म्हणाली, "समजतात ते. तीच तर अडचण आहे."

नोवियसने मात्र लगेच होकार दिला. वेट्टियाने वळून त्याच्याकडे पाहिलं. फार दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं. पुजाऱ्याकडे फेड नव्हती. पण देवासमोर, सगळ्या गावाच्या कानांवर, खरं काय ते बोलायला कुणाची मनाई नव्हती. निदान जागा कुणाची हे एकदा सांगून होईल. मग ज्युपिटर काय करायचं ते करील.

सणाच्या सकाळी ऊन पडलं होतं. लोक हार घेऊन झऱ्याभोवती उभे राहिले. नोवियसने प्रार्थनेच्या रीतीप्रमाणे डोक्यावर अंगवस्त्राचा पदर घेतला, तळहात वर केले. पावावाल्याने जोडपावा ओठांना लावला. प्रार्थना चालू असताना पावा वाजवायचा तो सुरांच्या हौसेसाठी नव्हे. गाढव ओरडलं, कुणी शिंकलं, एखादा अशुभ शब्द निसटला, तर तो देवाच्या कानावर जाऊ नये म्हणून. चांगला पावावाला अशुभाचा वास आधी ओळखतो. हा चांगला होता.

नोवियसने जुने शब्द म्हटले. पाण्याला, त्यातल्या देव असेल त्या देवाला, देवी असेल त्या देवीला. पावा हळू वाजत होता. मग त्याने श्वास घेतला.

"ज्युपिटरबाबा, हे पाणी तुझं आहे. वीज इथेच वर पडली होती. मी..."

पावा एकदम चढला. पावावाल्याचे गाल फुगले, डोळे बाहेर आले. नोवियस ओरडला, "मी दगड हलवला! जाणूनबुजून!" त्याचं तोंड हलताना सगळ्यांना दिसलं. ऐकू कुणालाच आलं नाही. पुढे उभ्या असलेल्या स्टाबेरियसला एवढं कळलं की म्हातारा कुठेतरी शब्द चुकला. त्याने हात वर करून थांबवलं.

"असू दे काका, होतं असं. पुन्हा पहिल्यापासून."

नियम तसाच होता, आणि तो नोवियसइतका कुणालाच माहीत नव्हता. त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. त्याच जागी आला. त्याच जागी पावा चढला. या वेळी पावावाला तयारच होता. नोवियसच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, आवाज फाटला. पावा त्याच्या आवाजापेक्षा एक बोट वरच राहिला. वेट्टिया गर्दीत उभी होती. तिला ओठांवरून सगळं कळत होतं, आणि तिने दोन्ही हातांनी कान झाकले होते.

शेवटी आवाजच बसला. त्याने नुसते जुने शब्द कुजबुजले, जेवढे हवे होते तेवढेच. पावा मऊ झाला. लोकांनी फुलं सोडली.

"फक्कड झालं!" स्टाबेरियस म्हणाला. "चला, बकरं तयार आहे."

लोक स्टाबेरियसच्या घराकडे वळले. नोवियस तिथेच उभा होता. त्याने घसा धरून वेट्टियाला खूण केली: पाणी. ओढा दरीत होता आणि तिला आता दरी चढवत नव्हती. तिने पेला झऱ्यात बुडवला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने तिच्याकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं, आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

मग त्याने डोक्यावरचा पदर काढला आणि उघड्या डोक्याने आभाळाकडे बघत उभा राहिला. जेवणाला या म्हणून दोनदा बोलावणं आलं. आभाळ निरभ्र होतं. संध्याकाळपर्यंत निरभ्रच राहिलं.